पडद्यापर्यंतच

माझ्या लग्नाच्या बायोडाटात 'नोकरी' या शब्दापुढे थोरल्या भावानं 'वैद्यकीय क्षेत्र' असं लिहिलं होतं. नर्स हा शब्द लिहायला त्याचा हात धजेना. "खोटं कुठं हाय त्यात?" तो म्हणाला. "दवाखाना वैद्यकीयच असतोय की." तेवढ्या भांडवलावर आम्ही जतहून निघून कोरेगावला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील फौजेतून निवृत्त झालेले, घरातही ताठ बसणारे. पोहे संपायच्या आत त्यांनी विचारलं, "वैद्यकीय म्हंजे नेमकं काय करता?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी सांगून टाकलं, "नर्स आहे. सांगलीला, विश्रामबागेत."

आता चहा काही मिळत नाही, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "मग त्यात लाजायचं काय? फौजेच्या दवाखान्यात ह्ये काम बाप्येच करत्यात. माझा पाय मोडला तवा एका गड्यानं मला लेकरागत आंघोळ घातली हाय. लय मायेचा माणूस." भावाचा जीव भांड्यात पडला. चहा आला. मग सासरे (तेव्हा अजून व्हायचे होते) जरा पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पर बायकांच्या बाळंतपणात न्हाई ना जात तुमी?"

"नाही," मी म्हणालो. "पडद्यापर्यंतच."

त्यांना हायसं वाटलं, लग्न ठरलं आणि आमचा संसार बरा चाललाय. मला मात्र माझं ते उत्तर कितीतरी दिवस टोचत राहिलं, कारण ते खरं होतं.

या कामात बाईला सिस्टर म्हणतात आणि पुरुषाला ब्रदर. गावाकडे दोन्ही चालत नाही. तिथं मी कंपाउंडर आहे, आणि ताप आला की डॉक्टर. आम्ही मूळचे मेंढरंवाले. पावसावरची थोडी ज्वारी, उन्हाळ्यात टँकरची वाट आणि बाकी सगळं मेंढरांच्या मागं. माझा बाप मला सैन्यात किंवा पोलिसात घालायला निघाला होता. मी नर्सिंगला प्रवेश घेतल्यावर तो एवढंच म्हणाला, "सुई टोचायलाच शिकायचं तर एवढी वर्सं कशाला लागत्यात?" सुई टोचणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे त्याला मी कधीच पटवू शकलो नाही. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा खाटेपाशी येतो. बाकीचा सगळा दिवस त्या माणसाचं अंग, लघवी, धाप, झोप, भीती हे सगळं नर्सच्या ताब्यात असतं. हे काम बायकांचं, असं ज्यानं ठरवलं त्यानं बायकांवर बरंच ओझं टाकलं आणि पुरुषांना बऱ्याच गोष्टींपासून वाचवलं, असं माझं मत आहे.

आमच्या वर्गात सगळ्या मुली आणि आम्ही तिघं मुलगे. मुलींना वसतिगृह होतं, आम्हाला नव्हतं. शपथेच्या दिवशी मुलींच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवतात, तो मोठा समारंभ असतो. मुलग्यांना काय द्यायचं ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. मॅडमनी ऐन वेळी आमच्या हातात एकेक गुलाबाचं फूल दिलं. त्या फोटोत आम्ही नर्सपेक्षा नवरीकडच्या स्वागताला उभे केल्यासारखे दिसतो. वॉर्डात ऑक्सिजनचा सिलिंडर हलवायचा असला की आमच्या नावाचा पुकारा व्हायचा. दारू पिऊन कुणी दंगा केला तरी आम्हीच.

गंमत म्हणजे, पुरुषांच्या वॉर्डात याच मुली सगळं करायच्या. लघवीची नळी घालताना एखादा म्हातारा भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटून पडायचा. 'बाबा, तुम्हाला मुलगी चालेल की मुलगा पाठवू?' असं त्याला कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही. पुरुषाला लाज नसते, हे आमच्या शिक्षणात गृहीतच धरलेलं होतं.

आणि मग बाळंतपणाच्या खोलीची पाळी आली.

नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्यानं बाळंतपणं आधी बघायची असतात आणि मग सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातानं करायची असतात. अभ्यासक्रमात मुलगा-मुलगी असा फरक नव्हता. फरक खोलीत होता. त्या खोलीच्या मधोमध एक हिरवा पडदा होता. पडद्याच्या आत बाई आणि टेबल, अलीकडे बाळाला ऊब द्यायचा दिवा, वजनकाटा आणि आम्ही. बाळ जन्मलं की पडद्याच्या फटीतून एक हात ते कपड्यात गुंडाळून आमच्याकडे द्यायचा. आम्ही ते पुसायचं, त्याचं नाक-तोंड साफ करायचं, वजन घ्यायचं आणि मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधायची. म्हणजे कितीतरी बाळं आईच्याही आधी माझ्या हातात आली, पण एकही कसं आलं ते मी पाहिलं नव्हतं. मुलग्यांनी ते प्लॅस्टिकच्या बाहुलीवर शिकायचं होतं. आमची बाहुली कधी घाबरायची नाही की ओरडायची नाही.

डॉक्टर पुरुष होते. ते यायचे, पडदा सारायचे आणि सरळ आत जायचे. त्यांना बघून कुणी पदर ओढत नव्हतं. डॉक्टरला लोक बाप्यांत धरतच नाहीत.

या खोलीच्या प्रमुख जोशी सिस्टर, मूळच्या वाईच्या. बोलणं शुद्ध, चाल झपझप आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मी त्यांना एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, मी आत कधी यायचं?"

"ज्या दिवशी एखादी बाई म्हणेल की याला आत पाठवा, त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी तुला अडवत नाही, मायाप्पा. पण तिच्या वतीनं मी हो म्हणणार नाही."

मला ते पळवाट काढल्यासारखं वाटलं. कोणती बाई असं म्हणणार होती? तरी त्या एका वाक्यावर मी आस लावून बसलो. मला पुरता नर्स व्हायचं होतं, अर्धामुर्धा नाही.

त्याच आठवड्यात रेणव्वा दाखल झाली. सीमेपलीकडची, कानडी मुलखातली, पहिलटकरीण. आमच्यासारखंच मेंढरंवाल्यांचं घर. नवरा कळपामागं लांब गेलेला, सोबत सासू. रेणव्वाला मराठीचा गंध नव्हता, सासूला कामापुरतं येत होतं. मी रक्तदाब मोजायला यंत्र घेऊन गेलो, तर रेणव्वानं पदर तोंडावरून गळ्यापर्यंत ओढला आणि सासू माझ्या अंगावर आली.

"ह्यो बाप्या कशाला हितं? बाई न्हाई व्हय तुमच्यात?"

"आवं, फक्त दंडाला पट्टी बांधायची हाय," मी म्हणालो.

"दंड बी तिचाच हाय की!"

मी यंत्र एका मुलीच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसलो. तेव्हा मला सासूचा राग आला होता. आज नाही येत. त्या पोरीचं लग्न कुणी तिला विचारून केलं नसणार, दवाखाना कुणी विचारून निवडला नसणार. एवढी एक गोष्ट तिला नको म्हणता आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिच्या कळा वाढल्या. सासूला बाहेर बसवलेलं. आमच्याकडे नीट कानडी जाणणारी एकच आया होती, ती नेमकी रजेवर. डॉक्टर एका शस्त्रक्रियेत अडकलेले. पडद्याआड जोशी सिस्टर आणि एक विद्यार्थिनी, अलीकडे दिव्यापाशी मी.

बराच वेळ सिस्टर "जोर लाव, अजून जोर लाव" असं ओरडत होत्या. शब्द कळत नसले तरी रेणव्वाला सूर कळत होता. मग अचानक सिस्टरचा आवाज बदलला. "थांब! आता जोर नको! थांब!" बाळाचं डोकं बाहेर आलं होतं आणि नाळेचे वेढे मानेभोवती बसले होते. अशा वेळी आईनं जोर केला तर वेढा आणखी आवळतो. ती थांबली तर सिस्टरला वेढा सोडवता येतो. पण रेणव्वाला काय कळणार? ओरडणं ऐकू आलं की जोर लावायचा, एवढंच ती मघापासून शिकली होती. ती आणखी जोर लावू लागली. टेबल करकरलं. ती उठून बसायला बघत होती.

"मायाप्पा!" सिस्टर ओरडल्या. "तुला कानडी येतं ना? सांग तिला!"

"आत येऊ?"

"आत नको! तिथूनच बोल!"

आता माझ्या कानडीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात मराठी. कानडी मी शिकलो ते पलीकडच्या मेंढपाळांबरोबर रानात हिंडताना. पाणी कुठं आहे, कुत्रं कुणाचं आहे, कोकराला काय घेणार, असलं ते कानडी. बाळंतपणाचं म्हणाल तर मेंढी विताना बोलतात तेवढं मला येत होतं. अडलेली मेंढी सारखी उठायला बघते. तिच्या पाठीवर हात ठेवून आम्ही जिभेनं टक् टक् असा आवाज काढतो आणि हळू हळू बोलत राहतो.

माझ्या डोक्यात दुसरा एकही शब्द येईना. मी पडद्याकडे तोंड करून जिभेनं टक् टक् केलं आणि म्हणालो, "तडी, तडी. एळब्याड. बरतद, बरतद." म्हणजे, थांब, थांब. उठू नको. येतंय, येतंय.

पडद्याआड टेबलाचं करकरणं थांबलं. मग रेणव्वाचा आवाज आला, धापा टाकत, पण खणखणीत.

"ना एन कुरी एनो?"

"काय म्हणतेय?" सिस्टरनी विचारलं.

"ती म्हणतीय," मी म्हणालो, "मी काय मेंढी हाय का?"

विद्यार्थिनी फिसकन हसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांच्या ध्यानात दुसरंच काही आलं होतं. माणूस बोलत असला की त्याला श्वास कोंडून जोर लावता येत नाही. रेणव्वा माझ्यावर चिडली होती आणि चिडून बोलत होती, तेवढा वेळ तिचा जोर थांबला होता.

"तिला बोलती ठेव!" सिस्टर म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही बोल! शिव्या खा, पण बोलती ठेव!"

मग मी शिव्या खाल्ल्या. कळपात किती मेंढरं आहेत ते मी विचारलं, तिनं माझी अक्कल काढली. मी कुठलं रान म्हणून विचारलं, तिनं माझ्या बापाची चौकशी केली. तुमच्याकडची मेंढरं काळी की पांढरी, असं मी विचारल्यावर तिनं जे सुनावलं ते इथं छापण्याजोगं नाही. मध्ये कळ आली की ती कण्हायची आणि मी टक् टक् करायचो. तेवढ्यात सिस्टरनी एक वेढा बाळाच्या डोक्यावरून काढला. दुसरा घट्ट होता, तो चिमटे लावून कापला. हे वाचायला जेवढा वेळ लागला तेवढाही तिथं लागला नसेल, पण माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"आता जोर लावायला सांग!"

मी सांगितलं. कोणत्या शब्दांत ते विचारू नका, तेही मेंढीचेच होते. या वेळी तिनं वाद घातला नाही.

फटीतून हात आला आणि बाळ माझ्याकडे आलं. निळसर, गप्प. मी त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. आमच्याकडे कोकराला गवताच्या मुठीनं खसाखसा चोळतात, तसाच मी कपड्यानं चोळत होतो. मग ते रडलं. मुलगी होती. मीही रडलो, आणि पडदा मध्ये असल्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

थोड्या वेळानं जोशी सिस्टर बाहेर आल्या. हातमोजे काढत म्हणाल्या, "आता तूच विचार तिला. बाळ घेऊन आत येऊ का म्हणून."

मला वाटलं, आली ती वेळ. एवढं झाल्यावर ती नाही कसं म्हणेल? मी शक्य तितक्या अदबीनं पडद्याबाहेरून विचारलं, "अक्का, मी बाळ घेऊन आत येऊ?"

आतून एकच शब्द आला. "ब्याड." म्हणजे नको.

मी बाळ विद्यार्थिनीच्या हातात दिलं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. "वाईट वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं," मी म्हणालो.

"वाटू दे. पण विचारलंस ना, ते कायम विचारत जा."

फार वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? माझा आवाज तिला चालला, मी चाललो नाही. घरी जाऊन विचार करता करता मला उमगलं की हे बक्षीस म्हणून मिळायचं नव्हतंच. मी काम चांगलं केलं म्हणून तिनं मला आत घ्यावं, असा काही सौदा झालेला नव्हता. ती उघडी पडली होती, थकली होती आणि तिला परका बाप्या नको होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला शिकू न देणं हा माझ्यावर अन्याय होता, आणि तिचं नको म्हणणं हा तिचा हक्क होता. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते मला आजही पुरतं सुटलेलं नाही.

शिक्षण संपलं. मी अतिदक्षता विभागात काम केलं, पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. जोशी सिस्टर निवृत्त होऊन वाईला गेल्या. आता वर्गात मुलगे बरेच असतात. शपथेच्या दिवशी त्यांनाही काय द्यायचं ते आता ठरलेलं आहे, गुलाब बंद झाला. सीमेपलीकडून येणाऱ्या बायका पाहून मी एका सहकारी सिस्टरकडून दवाखान्यातलं नीट कानडी शिकून घेतलं. श्वास घ्या, सैल सोडा, घाबरू नका, सगळं 'अहो-जाहो'त. मुलग्यांना मी पडद्याबाहेर उभं करून आधी विचारायला लावतो. बहुतेक वेळा 'नको' येतं. मग आम्ही तिथंच थांबतो. कधी कधी 'या' असंही येतं, आणि आत गेलेलं पोरगं बाहेर येतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. माझ्या विद्यार्थ्यांनी बाळंतपणं केली आहेत. मी स्वतःच्या हातानं आजवर एकही केलेलं नाही, मेंढ्यांची सोडून.

गेल्या वर्षी एका सकाळी मी अशाच एका बाईसाठी पडद्याशी गेलो. आत सिस्टर आणि एक विद्यार्थिनी होती. बाई कानडी बोलणारी, कळा जोरात, सिस्टरचं काहीच ऐकत नाही, म्हणून मला बोलावलं होतं. मी बाहेरून माझं शिकलेलं कानडी सुरू केलं. श्वास सोडा, घाबरू नका.

कण्हणं थांबलं. मग आतून थकलेल्या आवाजात विचारणा झाली, "मला कुरी समजणारा तूच का?"

रेणव्वाच ती. या वेळी धाकट्याच्या खेपेला आली होती. मी म्हणालो, "व्हय अक्का, मीच."

"मग ह्ये असलं काय बोलतोस सायबागत?" ती कानडीत म्हणाली. "तवा बोललास तसं बोल."

माझी विद्यार्थिनी ऐकत असताना, दवाखान्याच्या खोलीत, मी जिभेनं टक् टक् केलं. आत ती हसली. मग कळ आली, ओसरली, आणि मी विचारलं. दर वेळी विचारतो तसंच विचारलं.

"अक्का, आत येऊ?"

"डोक्यापाशी उभं ऱ्हायचं," रेणव्वा म्हणाली. "खाली बघायचं न्हाई."

हिरव्या पडद्याची कड आतून तिनंच धरली आणि हात पुरेल तेवढी बाजूला ओढली. मी आत गेलो आणि तिच्या डोक्यापाशी उभा राहिलो. कपाळावर घामानं केस चिकटले होते, वयानं ती पुरती बाई होती. मी तिचं तोंड तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तिनंही माझ्याकडे वर पाहिलं, ओळख पटवून घेतल्यासारखं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी विद्यार्थिनी हात पुढे करून तयार होती. तिथं काय चाललंय ते मी पाहिलं नाही. तसं ठरलं होतं.

पुढची कळ आली. रेणव्वानं माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

"आता सांग," ती म्हणाली.

मी वाकून तिच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "बरतद, अक्का. बरतद."